चुलीचा धूर मोजला कसा गेला?



हिवाळा सुरू झाला की आमच्या ओपीडीत एक ठरावीक चित्र दिसते. साठी-पासष्टीची बाई, सोबत मुलगा किंवा सून. तक्रार जुनीच असते: खोकला, सकाळी कफ, चार पावले चालले की धाप. जुन्या चिठ्ठ्यांवर कुठे 'दमा' लिहिलेले असते, कुठे 'ॲलर्जी'. मी विचारतो, "आजी, विडी, तंबाखू?" आजी हसतात. मुलगा थोडा नाराज होऊन म्हणतो, "नाही हो डॉक्टर, आमच्या घरात कोणालाच सवय नाही."

मग मी दुसरा प्रश्न विचारतो, "आयुष्यभर स्वयंपाक कशावर केला?"

"चुलीवर. आता गॅस आहे, पण भाकरी आणि आंघोळीचं पाणी अजून चुलीवरच."

खरे सांगतो, प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या काही वर्षांत हा दुसरा प्रश्न मी विचारत नव्हतो. सिगारेट किती आणि किती वर्षे, हे विचारायला आम्हाला पक्के शिकवले होते. चूल किती तास आणि किती वर्षे, हे कोणी शिकवले नव्हते. त्यामुळे फुप्फुसे कायमची आकसलेल्या काही बायांना मी नुसती खोकल्याची औषधे दिली असणार. आज ते आठवले की वाईट वाटते.

हा प्रश्न वैद्यकशास्त्रात आला कसा, त्याची ही गोष्ट आहे. ती मोठ्या यंत्रांपेक्षा स्वस्त साधनांची जास्त आहे. शेवटी तुम्हाला घरी करता येईल असा एक साधा हिशेबही दिला आहे.

धूर दिसत होता, आकडा नव्हता

आपल्या खानदेशात चुलीचे इंधन शेतातूनच येते. कापसाची वेचणी संपली की पऱ्हाट्या उपटून घराशेजारी रचायच्या, त्यांच्या जोडीला तुराट्या आणि गोवऱ्या. भरिताची वांगी पऱ्हाट्यांवर भाजायची, आखाजीला खापरावर पुरणाचे मांडे करायचे. त्या धुराला कोणी प्रदूषण म्हणत नव्हते. डोळ्यांतून पाणी येते, भिंत काळी होते, फुंकणीने फुंकताना ठसका लागतो, एवढेच सगळ्यांना माहीत होते. 'प्रदूषण' म्हटले की डोळ्यांसमोर यायची ती कारखान्याची चिमणी.

डॉक्टरांना पहिली शंका आली ती हृदयाच्या रुग्णांवरून. १९५० च्या दशकात दिल्लीत डॉ. एस. पद्मावती या हृदयरोगतज्ज्ञ काम करत होत्या. फुप्फुसे खराब झाली की त्यांत रक्त ढकलताना हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो आणि ती हळूहळू थकते. पाय सुजतात, धाप लागते. या आजाराच्या १२७ रुग्णांचा अभ्यास त्यांनी डॉ. पाठक यांच्यासह १९५९ मध्ये प्रसिद्ध केला. पाश्चात्त्य देशांत हा आजार प्रामुख्याने धूम्रपान करणाऱ्या पुरुषांचा मानला जात होता. दिल्लीत मात्र रुग्णांमध्ये स्त्रियांचे प्रमाण अनपेक्षितपणे मोठे होते आणि धूम्रपानाने त्याचा उलगडा होत नव्हता. संशय स्वयंपाकघरातल्या धुराकडे गेला.

पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. धूर किती, हे कोणालाच सांगता येत नव्हते. हवा मोजण्याची त्या काळची यंत्रे मोठी, आवाज करणारी, विजेवर चालणारी आणि महाग. ती शहरातल्या इमारतींच्या गच्चीवर बसवली जात. खेड्यातल्या चुलीपर्यंत ती पोहोचणार तरी कशी?

पहिले स्वस्त साधन: घड्याळ

यातून पहिली वाट शेजारच्या नेपाळमधून निघाली. तिथल्या डोंगराळ गावांत डॉ. मृगेंद्र राज पांडे यांनी लोकांना विचारले: दिवसातून किती तास चुलीजवळ असता? १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दिसले, की चुलीजवळचा वेळ वाढतो तसे जुनाट खोकला आणि कफाचे प्रमाणही वाढते. ना यंत्र, ना प्रयोगशाळा, फक्त एक प्रश्न.

पुढे यातूनच एक सोपे माप तयार झाले: रोजचे तास गुणिले वर्षे. चंडीगडच्या डॉक्टरांनी ते भारतातल्या स्त्रियांसाठी वापरले. मेक्सिकोतही १९९६ मध्ये अशाच मापाने जुनाट ब्राँकायटिस आणि लाकडाच्या धुराचा संबंध दाखवला गेला. सिगारेटसाठी आम्ही 'रोज किती पाकिटे, किती वर्षे' हा हिशेब करतो, तसाच हा चुलीचा हिशेब.

या मापाची मर्यादाही उघड आहे. घड्याळ वेळ सांगते, धूर किती दाट होता ते सांगत नाही. ओसरीवरची चूल आणि बिनखिडकीच्या खोलीतली चूल त्याला सारखीच.

गुजरातमधल्या बायकांच्या पदराशी

धुराचे वजन करण्याचे काम आपल्या शेजारच्याच राज्यात झाले. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कर्क स्मिथ हे अमेरिकन संशोधक हवाईतल्या ईस्ट-वेस्ट सेंटरमध्ये होते. त्यांनी ए. एल. अग्रवाल आणि आर. एम. दवे यांच्यासह गुजरातमधल्या चार खेड्यांत मोजणी केली.

पद्धत अशी. स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या कमरेला बॅटरीवर चालणारा लहानसा पंप बांधायचा. त्याची नळी वर आणून नाकातोंडाजवळ अडकवायची आणि तिच्या टोकाला गाळणकागद बसवायचा. बाई श्वास घेते तीच हवा त्या कागदातून ओढली जाते आणि धुराचे कण कागदावर साठतात. कागदाचे वजन आधी आणि नंतर अगदी नाजूक तराजूवर करायचे. जेवढी वाढ, तेवढा धूर.

१९८३ मध्ये हे आकडे प्रसिद्ध झाले. स्वयंपाकाच्या वेळी हवेत दर घनमीटरमागे सरासरी सुमारे ७ मिलिग्रॅम, म्हणजे ७,००० मायक्रोग्रॅम कण होते. तुलनेसाठी सांगतो. आज भारतात बाहेरच्या हवेसाठी पीएम १० या कणांची २४ तासांची मर्यादा १०० मायक्रोग्रॅम आहे. ही तुलना तंतोतंत नाही, कारण गुजरातचा आकडा सर्व आकारांच्या कणांचा आणि फक्त स्वयंपाकाच्या वेळेचा आहे. तरी फरक केवढा, हे कळायला तेवढे पुरे.

आणखी एक गोष्ट पाहा. देशाचा हवा प्रदूषण प्रतिबंधक कायदा आला १९८१ मध्ये. त्याचा रोख कारखाने आणि वाहनांवर होता. देशातली सर्वांत दाट धुराची हवा ज्या खोलीत होती, ती खोली त्यात नव्हती. कारण तिथे तोवर कोणी मोजलेच नव्हते.

पण पंप आणि तराजूची पद्धत अचूक असली तरी खर्चिक होती. प्रशिक्षित माणूस लागे, कागद प्रयोगशाळेत न्यावे लागत आणि हाती येई तो एकच सरासरी आकडा. धूर चूल पेटवताना वाढला की भाकरी भाजताना, हे त्यातून कळत नसे. हजारो घरांत असे मोजणे शक्य नव्हते.

रंग बदलणारी नळी

लाकूड अर्धवट जळते तेव्हा कणांसोबत कार्बन मोनॉक्साइड हा वायूही निघतो. तो मोजायला एक स्वस्त काचेची नळी मिळते. पेनाएवढी लांब, आत रसायन भरलेले. वायू आत शिरतो तसा रंग बदलत जातो. पट्टा किती लांब झाला ते पट्टीवर वाचायचे. वीज नको, पंप नको.

ग्वाटेमालात २००२ ते २००४ या काळात ५३४ कुटुंबांमध्ये चुलींची एक मोठी चाचणी झाली. स्मिथ तिचे प्रमुख होते. तिथे लहान मुलांच्या कपड्यांना अशाच नळ्या लावल्या होत्या. निम्म्या घरांना धुराड्याची चूल दिली गेली. त्या घरांतल्या मुलांपर्यंत पोहोचणारा धूर साधारण निम्म्यावर आला आणि गंभीर न्यूमोनिया सुमारे एक तृतीयांशाने घटला.

इथे एक धोक्याची सूचना. वायू आणि कण यांचे प्रमाण इंधनानुसार बदलते. कोळशाच्या शेगडीतून डोळ्यांना धूर फारसा दिसत नाही, पण कार्बन मोनॉक्साइड भरपूर निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. थंडीत खोली बंद करून शेगडी पेटवून झोपणे जिवावर बेतू शकते. धूर दिसत नाही म्हणून हवा चांगली, असे कधीही समजू नका.

आगीची घंटा वाजवणारे यंत्र

यानंतरची कल्पना मला सर्वांत आवडते. परदेशात घरांच्या छताला धूर ओळखून घंटा वाजवणारी लहान डबी असते. कारखान्यांत लाखोंनी तयार होत असल्यामुळे ती स्वस्त मिळते. तिच्यात धूर ओळखण्याच्या दोन पद्धती असतात. एकीत प्रकाशाचा झोत असतो. धुराचे कण आले की प्रकाश विखुरतो. दुसरीत अत्यल्प किरणोत्सारी पदार्थामुळे हवेतून बारीक विद्युतप्रवाह वाहतो. धूर आला की तो कमी होतो.

ही डबी एकच गोष्ट सांगते: धूर आहे की नाही. स्मिथ तोवर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले इथे आले होते. त्यांच्या गटाने तिला वेगळा प्रश्न विचारला: धूर किती? घंटा काढली, मिनिटामिनिटाची नोंद ठेवणारी चिप बसवली. विद्यापीठाच्या नावावरून ते यंत्र 'यूसीबी' म्हणून ओळखले जाऊ लागले. त्याची तपासणी करणारे शोधनिबंध २००४ ते २००७ दरम्यान प्रसिद्ध झाले.

स्वस्त यंत्रावर आंधळा विश्वास ठेवायचा नसतो, हेही त्या गटाने दाखवले. मोजणीच्या आधी आणि नंतर यंत्र स्वच्छ प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून 'शून्य' तपासायचे. काही घरांत जुनी गाळणकागदाची पद्धतही सोबत वापरून दोन्ही आकडे जुळवायचे. जागाही ठरलेली: चुलीपासून एक मीटर, जमिनीपासून १४५ सेंटिमीटर, दारे-खिडक्यांपासून दूर.

१४५ सेंटिमीटर म्हणजे उभ्या बाईच्या नाकाची उंची. आपल्याकडे बाई चुलीपुढे पाटावर बसते आणि फुंकताना अजून खाली वाकते. म्हणून असा आकडा 'खोलीतला धूर' सांगतो, 'बाईच्या छातीत गेलेला धूर' नव्हे. तो आधीची आणि नंतरची स्थिती ताडून पाहायला उपयोगी.

पुण्याजवळची परीक्षा

नेमका असाच उपयोग आपल्या महाराष्ट्रात झाला. केंद्र सरकारचा सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८० च्या दशकात सुरू झाला आणि २००२ मध्ये थांबला. देशभर तीन कोटींहून जास्त चुली वाटल्या गेल्या. पण मोजले गेले ते प्रामुख्याने चुलींचे आकडे. धूर किती कमी झाला, याची घरोघरी तपासणी नव्हती. कित्येक चुली काही वर्षांत फुटल्या, काहींची धुराडी तुंबली.

पुण्याची 'आरती' ही संस्था, म्हणजे ॲप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट, डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ मध्ये स्थापन केली. तिच्या 'लक्ष्मी' आणि 'भाग्यलक्ष्मी' या चुली गावांत विकल्या जात होत्या. पुण्याजवळच्या गावांत या चुली येण्याआधी आणि आल्यानंतर, त्याच घरांत, यूसीबी यंत्राने धूर मोजला गेला. काराबी दत्ता आणि स्मिथ यांच्या गटाने २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सूक्ष्म कण चुलीच्या प्रकारानुसार साधारण चतुर्थांशापासून निम्म्यापर्यंत कमी झाले होते.

ही बातमी चांगली की वाईट? दोन्ही. सुधारित चुलीचा फायदा खरा होता. पण मूळ धूर इतका जास्त, की निम्मा झाला तरी उरलेला आरोग्याला घातकच. रुग्णांना मी असे सांगतो: साखर ४०० वरून २५० वर आली तर आनंदच, पण मधुमेह आटोक्यात आला असे कोणी म्हणणार नाही.

गॅस आला, चूल गेली का?

पुढचे साधन शर्टाच्या बटणाएवढे आहे. तापमान नोंदवणारी एक छोटी चकती चुलीला चिकटवायची. चूल कधी पेटली, किती वेळ चालली, याची आठवडेच्या आठवडे नोंद होते. धूर ती मोजतच नाही. पण नवीन शेगडी घरात आल्यावर जुनी चूल खरोखर बंद झाली का, हे ती निर्विकारपणे सांगते. अशा नोंदींमधून वारंवार दिसले, की नवे येते पण जुने जात नाही. दोन्ही शेजारी शेजारी चालतात.

हे आपल्यालाही लागू आहे. उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली आणि तिची आठ कोटीवी जोडणी ७ सप्टेंबर २०१९ रोजी आपल्याच राज्यात, औरंगाबादला दिली गेली. ही मोठी गोष्ट आहे. पण जोडणी मोजणे म्हणजे धूर मोजणे नव्हे. दाराशी पऱ्हाट्या फुकट आणि सिलिंडरला पैसे, मग चहा गॅसवर आणि भाकरी चुलीवर. ओपीडीत आजी सांगतात तेच बटणाएवढी चकती सांगते.

आजचे लेझर यंत्र: विकत घ्यावे का?

गेल्या दहा-बारा वर्षांत लेझरवर चालणारी छोटी यंत्रे काही हजार रुपयांत मिळू लागली आहेत. पडद्यावर 'पीएम २.५' असा आकडा दिसतो. अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक असे हे कण थेट फुप्फुसांच्या टोकापर्यंत जातात. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मर्यादा २४ तासांच्या सरासरीसाठी १५ मायक्रोग्रॅम आहे, भारताची ६०.

हे यंत्र कणांचे वजन करत नाही. विखुरलेल्या प्रकाशावरून वजनाचा अंदाज बांधते. त्यामुळे पावसाळी दमट हवेत, वाफेत किंवा तेलाच्या फोडणीत ते जास्त आकडा दाखवू शकते. कार्बन मोनॉक्साइड त्याला कळतच नाही. म्हणून एका आकड्याने घाबरू नका आणि एका आकड्याने निर्धास्तही होऊ नका. एकाच जागी ठेवून, त्याच स्वयंपाकाच्या वेळी, खिडकी बंद असताना आणि उघडी असताना किती फरक पडतो, हे पाहायला ते छान. आणि मोबाइलवर दिसणारा 'एक्यूआय' बाहेरच्या हवेचा असतो, तुमच्या स्वयंपाकघराचा नाही.

प्रत्येक घराने हे यंत्र घ्यावे, असे मी म्हणत नाही. तेवढ्या पैशांत काही सिलिंडर येतील.

तुमचा हिशेब

आता सर्वांत स्वस्त साधनाकडे परत येऊ. कागद घ्या आणि आई, आजी, सासूबाई यांना विचारा:

१. चुलीवर स्वयंपाक किती वर्षे केला?
२. रोज साधारण किती तास चुलीपुढे जात?

दोन्हींचा गुणाकार करा. बाराव्या वर्षी चूल हाती आली, पन्नास वर्षे चालली, रोज चार तास. ५० × ४ = २००.

मैसूर जिल्ह्यातल्या ग्रामीण स्त्रियांवरचा एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ६० हा आकडा जुनाट ब्राँकायटिसच्या धोक्याची सीमा म्हणून पुढे आला. ६० च्या वर असणे म्हणजे आजार आहे असे नव्हे, आणि खाली असणे म्हणजे आजार नाही असेही नव्हे. पण आकडा मोठा असेल आणि सोबत खोकला, कफ किंवा धाप असेल, तर 'वयामुळे होतं' म्हणून सोडून देऊ नका. स्पायरोमेट्री ही फुंकर मारण्याची साधी तपासणी करून घ्या. सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार, विडी न ओढणाऱ्या बाईलाही होतो. तो पूर्ण बरा होत नसला तरी लवकर कळला तर बराच आटोक्यात ठेवता येतो.

सोबत एवढे करा:

- गॅस घरात असेल तर भाकरीही त्यावरच करा. आंघोळीचे पाणी तापवायची चूल घराबाहेर, मोकळ्यावर न्या.
- चूल वापरावीच लागली तर सरपण पूर्ण वाळलेले असू द्या, दार-खिडकी उघडी ठेवा, धुराडे असेल तर ते साफ करा.
- स्वयंपाक करताना तान्हे मूल मांडीवर किंवा पाठीशी नको. गरोदर सुनेला चुलीपुढे बसवू नका.
- रात्री बंद खोलीत मच्छर कॉइल लावू नका. एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींएवढे सूक्ष्म कण निघतात, असे २००३ च्या एका अभ्यासात मोजले गेले आहे. मच्छरदाणी वापरा.
- चालू इन्हेलर स्वतःहून बंद करू नका.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये घरातल्या धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. एवढ्या मोठ्या अंदाजाच्या मुळाशी 'तुमच्या घरी स्वयंपाक कशावर होतो?' हा साधा प्रश्न आहे. जगभरच्या पाहण्यांमध्ये तो घरोघरी विचारला जातो.

तुमच्या डॉक्टरांनी तो विचारला नाही, तर तुम्हीच सांगा. पुढच्या वेळी आईला दवाखान्यात नेताना जुन्या चिठ्ठ्यांसोबत हा गुणाकार लिहिलेला कागदही घेऊन जा.